विमानातील प्रवाशांचे वजन : सरासरीवर किती विसंबावे?

विमानतळावर आपल्या बॅगेचे वजन काटेकोरपणे होते. पंधरा किलोंच्या जागी सतरा किलो भरले तर जादा पैसे मोजावे लागतात. पण ती बॅग ओढत आणणाऱ्या माणसाचे वजन मात्र कोणी विचारत नाही. तो पन्नास किलोंचा असो की शंभर किलोंचा, विमानाच्या कागदपत्रांत त्याची नोंद बहुधा एकाच ठरीव आकड्याने होते. एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की दोन किलोंचा हिशेब ठेवणारी विमान कंपनी पन्नास किलोंच्या फरकाकडे काणाडोळा कशी करते? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर देताना आपल्याला थोडे यंत्रशास्त्र आणि थोडे संख्याशास्त्र लागेल. दोन्ही शाळेच्या आवाक्यातले आहे.

प्रथम हे पाहू या, की वैमानिकाला वजन हवे तरी कशाला. जमिनीवरून उठण्यासाठी विमानाला एक किमान वेग गाठावा लागतो आणि वजन जितके जास्त तितका हा वेगही जास्त. तो गाठायला किती लांब धावपट्टी लागेल, इंजिनांनी किती जोर लावायचा, मध्येच काही बिघडले तर कोणत्या क्षणापर्यंत थांबता येईल, ही सारी गणिते वजनावर बेतलेली असतात. प्रत्येक विमानासाठी उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन ठरवून दिलेले असते. बोइंग ७३७-८०० या आपल्याकडेही सर्रास दिसणाऱ्या विमानाचे कमाल वजन सुमारे ७९ टन आहे. त्यातील निम्म्याहून थोडे अधिक वजन रिकाम्या विमानाचेच असते. उरलेल्यात इंधन, सामान आणि १८०च्या आसपास माणसे.

यांपैकी रिकामे विमान दर काही वर्षांनी प्रत्यक्ष वजनकाट्यावर चढवले जाते. इंधन किती लिटर भरले ते मोजता येते आणि त्याला घनतेने (लिटरला सुमारे ०.८ किलो) गुणले की वजन मिळते. सामान काट्यावरून गेलेले असते, निदान जाऊ शकते. उरतो तो प्रवासी. साऱ्या हिशेबात अंदाजावर सोडलेला सर्वांत मोठा घटक म्हणजे तोच.

उलाळ गाडी

पण नुसते वजन कळून भागत नाही; ते कुठे आहे हेही कळावे लागते. बैलगाडी भरताना पाहिलेल्यांना हे सांगायला नको. पोती मागच्या बाजूला जास्त झाली की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांना ओढता येत नाही. सगळा भार पुढे टाकला तर जू बैलांच्या मानेवर दाबते. जाणता गाडीवान भार आसाच्या किंचित पुढे राहील असा रचतो. विमानाचेही तसेच आहे. त्याला आस नाही, पण पंखांवर मिळणारे उचल-बल एका ठरावीक जागी एकवटले आहे असे मानता येते, आणि विमानाचा गुरुत्वमध्य त्या जागेच्या थोडा पुढे असावा लागतो. त्यामुळे नाक खाली जाऊ पाहते आणि शेपटीवरचा आडवा पंख शेपटीला किंचित खाली दाबून तोल राखतो. गुरुत्वमध्य फार पुढे गेला तर उड्डाणाच्या वेळी नाक वर उचलत नाही. फार मागे गेला तर नाक आपणहून वर जाऊ लागते, आणि ते खाली आणण्यासाठी शेपटीवरची हलती फळी, म्हणजे एलिव्हेटर, पुरेशी ठरेल याची खात्री राहत नाही. दोहोंपैकी दुसरी चूक अधिक घातक होय.

म्हणूनच गुरुत्वमध्यासाठी पुढची आणि मागची अशा दोन मर्यादा ठरवलेल्या असतात. त्या पंखाच्या सरासरी रुंदीच्या टक्केवारीत सांगतात. या दोन मर्यादांमधील अंतर काही फार नसते.

गुरुत्वमध्य काढण्याची रीत दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. समजा, एक विमान तीन काट्यांवर उभे आहे. पुढच्या चाकाखालचा काटा १,००० किलो दाखवतो, मागच्या दोन चाकांखालचे मिळून ९,००० किलो, आणि पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ५ मीटर आहे. मागच्या चाकांभोवती परिबल (भार गुणिले अंतर) घेतले तर १,००० × ५ = ५,००० किलो-मीटर. याला एकूण १०,००० किलोंनी भागले की ०.५ मीटर. म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या अर्धा मीटर पुढे. मीटरपट्टीची दोन टोके दोन स्वयंपाकघरातल्या काट्यांवर टेकवून आणि पट्टीवर डस्टर सरकवून हा प्रयोग वर्गात करता येईल.

आता एका लहान विमानाचे वजन ८,००० किलो आहे असे धरा. सामानाची खोली गुरुत्वमध्यापासून ४ मीटर मागे आहे आणि तेथे हिशेबापेक्षा १०० किलो जास्त सामान गेले. जादा परिबल ४०० किलो-मीटर. म्हणजे गुरुत्वमध्य सुमारे ५ सेंटिमीटर मागे सरकला. पंखाची रुंदी पावणेदोन मीटर असेल तर हे जवळजवळ ३ टक्के झाले. पाच सेंटिमीटर म्हणजे काय एवढे, असे वाटेल. पण मर्यादेच्या कडेवर उभ्या असलेल्या विमानाला ते पुरते.

सरासरी कधी चालते

आता प्रवाशांकडे वळू. समजा, प्रौढ प्रवाशाचे सरासरी वजन ७५ किलो आहे आणि प्रमाण विचलन १५ किलो. एकट्या प्रवाशाबाबत ७५ हा अंदाज १५-२० किलोंनी सहज चुकेल. पण माणसे वाढू लागली की कोणी जास्त भरतो, कोणी कमी, आणि चुका परस्परांना खाऊन टाकतात. सगळ्या मात्र खाऊन टाकत नाहीत. न प्रवाशांच्या एकूण वजनातील चूक न पट वाढत नाही, न च्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. १८० प्रवाशांसाठी १५ × √१८०, म्हणजे सुमारे २०० किलो. एकूण १३,५०० किलोंच्या मानाने ही दीड टक्का आणि ७९ टनांच्या विमानाच्या मानाने पाव टक्काच. तेव्हा मोठ्या विमानात प्रत्येकाला काट्यावर उभे करण्याचा खटाटोप न करणे हा आळस नव्हे, शहाणपण आहे.

१९ आसनांच्या विमानात काय होईल? १५ × √१९ म्हणजे सुमारे ६५ किलो. आकडा लहान दिसतो, पण प्रवाशांच्या एकूण १,४२५ किलोंच्या मानाने तो साडेचार टक्क्यांच्या वर जातो. विमानच आठ टनांचे असल्याने त्याच्या मानानेही चूक मोठ्या विमानाच्या तिपटीहून अधिक ठरते. युरोपच्या नियमांत या वर्गमुळाचे प्रतिबिंब पाहायला मिळते. तेथे पुरुष प्रवाशासाठी हातातल्या सामानासह जे प्रमाण-वजन धरतात ते मोठ्या विमानात ८८ किलो, १० ते १९ आसनांच्या विमानात ९२, सहा ते नऊ आसनांसाठी ९६ आणि पाच किंवा त्याहून कमी आसनांसाठी १०४ किलो आहे. लहान विमानातून काही जाडी माणसे जातात असे नव्हे. माणसे जितकी कमी तितकी सरासरी बेभरवशाची, म्हणून तितका जास्त भार सावधगिरीपोटी आधीच धरून ठेवला आहे.

हे वर्गात दाखवायचे असेल तर मुलांचे वजन सर्वांसमोर करू नये. कोणाला तरी ते नक्की लागते. दप्तरांचे करावे. चाळीस दप्तरांची वजने फळ्यावर लिहा आणि सरासरी काढा. मग चिठ्ठ्या टाकून पाच-पाच दप्तरांचे गट निवडा व प्रत्येक गटाची सरासरी पाहा, त्यानंतर वीस-वीसचे. पाचांच्या गटांची सरासरी इकडे तिकडे उड्या मारील, विसांची बरीच शांत असेल. त्यानंतर खरी गंमत करा. शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेत काढलेली सरासरी वापरून सोमवारच्या दप्तरांच्या वजनाचा अंदाज बांधा. आता गट पाचाचा घ्या, विसाचा घ्या की चाळिसाचा, अंदाज चुकेल आणि प्रत्येक वेळी एकाच दिशेने चुकेल.

या दुसऱ्या प्रकारच्या चुकीला पद्धतशीर चूक म्हणतात. संख्या वाढवून ती घटत नाही, उलट सरळ गुणाकाराने वाढते. मूळ सरासरीच ९ किलोंनी कमी धरली असेल तर १९ प्रवाशांत १७१ किलोंचा फरक पडतो आणि १८० प्रवाशांत १,६२० किलोंचा. वरच्या २०० किलोंशी याची तुलना करून पाहा. सरासरी वापरणाऱ्याला खरी भीती असते ती जाड किंवा बारीक प्रवाशाची नव्हे, चुकीच्या किंवा शिळ्या सरासरीची.

आणि सरासरी शिळी होते. अमेरिकेतील आरोग्य सर्वेक्षणांनुसार १९६०-६२मध्ये तेथील प्रौढ पुरुषाचे सरासरी वजन सुमारे ७५ किलो होते. १९९९-२००२मध्ये ते ८७ किलोंच्या जवळ गेले. स्त्रियांचे ६४वरून साडेचौऱ्याहत्तर किलोंच्या आसपास. नियमपुस्तकातला आकडा मात्र इतक्या तत्परतेने बदलत नाही.

एक तिसरी अडचण असते : प्रवाशांचा गट सर्वसाधारण लोकांसारखा नसणे. १२ डिसेंबर १९८५ रोजी कॅनडातील गँडर येथून उडालेले एक डीसी-८ विमान लगेच कोसळले आणि त्यातील सर्व २५६ जण मरण पावले. त्यांपैकी २४८ प्रवासी होते, बहुतेक सारे घरी परतणारे अमेरिकी सैनिक. हिशेबात प्रत्येकी १७० पौंड (७७ किलो) धरले होते. धडधाकट तरुण सैनिक आणि त्यांचे बरोबरचे साहित्य मिळून प्रत्यक्षात माणशी सुमारे २२० पौंड (१०० किलो) भरत असावेत, असा अंदाज पुढे तपासात निघाला. २४८ला २३ किलोंनी गुणले की साडेपाच टनांहून अधिक होतात. या अपघाताच्या कारणाबद्दल तपास मंडळातच फूट पडली. बहुमताने पंखांवरील बर्फाकडे बोट दाखवले, इतरांना ते पटले नाही. तेव्हा केवळ वजनाने विमान पडले असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण वजनाचा हिशेब चुकलेला होता एवढे त्यातून स्पष्ट झाले.

शार्लट, ८ जानेवारी २००३

तीनही गोष्टी एकत्र कशा येतात हे पाहायचे तर अमेरिकेतील शार्लट येथील अपघाताकडे वळले पाहिजे. एअर मिडवेस्ट कंपनीचे बीचक्राफ्ट १९००डी हे १९ आसनी विमान ८ जानेवारी २००३ रोजी सकाळी तेथून जवळच्याच ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्ग विमानतळाकडे निघाले. सर्व आसने भरलेली होती. या जातीच्या विमानात सामानाची मोठी खोली शेपटीकडे असते. वैमानिकांनी रीतीप्रमाणे हिशेब केला : माणशी ठरलेले सरासरी वजन, बॅगेमागे ठरलेले सरासरी वजन. वजन कमाल मर्यादेच्या थोडे आत आले, गुरुत्वमध्यही मर्यादेत आला. कागदावर सर्व ठीक होते.

चाके उचलल्याबरोबर विमानाचे नाक वर जाऊ लागले आणि थांबेना. दोन्ही वैमानिकांनी दांडा पुढे दाबून धरला, पण नाक पन्नास अंशांहून अधिक वर गेले. इतक्या तिरप्या पंखांवर हवा नीट वाहत नाही आणि उचल-बल कोसळते. मिनिटभराच्या आत विमान विमानतळावरच्याच एका हँगरवर येऊन आदळले. १९ प्रवासी व २ वैमानिक असे विमानातील सर्व २१ जण मरण पावले.

तपासात दोन स्वतंत्र दोष सापडले. अपघाताच्या दोनच दिवस आधी एलिव्हेटरच्या तारांचा ताण दुरुस्त करण्यात आला होता. काम करणारा तंत्रज्ञ या जातीच्या विमानावर ते काम प्रथमच करत होता आणि पुस्तकातील काही पायऱ्या गाळल्या गेल्या. त्यामुळे नाक खाली आणण्यासाठी एलिव्हेटर जितका वळायला हवा त्याच्या जेमतेम निम्माच वळत होता. आश्चर्य असे, की त्यानंतर विमानाने नऊ उड्डाणे सुखरूप केली. त्या फेऱ्यांत विमान इतके भरलेले नव्हते, भार मागे गेलेला नव्हता, त्यामुळे एलिव्हेटर पूर्ण वळवण्याची वेळच आली नाही. दोष दबा धरून बसला होता.

दुसरा दोष वजनाचा. तपास यंत्रणेने प्रवाशांची व सामानाची प्रत्यक्ष वजने जुळवली, तेव्हा विमान कमाल मर्यादेपेक्षा ५८० पौंड, म्हणजे सुमारे २६३ किलो जड होते असे निघाले. गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्याही सुमारे ५ टक्के मागे होता. मघाच्या आपल्या काल्पनिक उदाहरणातील आकडे आठवा. दोहोंपैकी एकच दोष असता तर बहुधा विमान वाचले असते. नाक वर नेणारा भार नेमका त्याच विमानात चढला ज्यात नाक खाली आणण्याची शक्ती निम्मी उरली होती.

वैमानिकांनी नियम मोडला नव्हता, आणि आमच्या मते या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. आकडेमोड बरोबर होती. आत घातलेले आकडे खोटे होते. त्याच महिन्यात अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १० ते १९ आसनी विमाने चालवणाऱ्या कंपन्यांना प्रवाशांची खरी वजने घ्यायला लावली. सरासरी प्रवासी धरलेल्या आकड्यापेक्षा २०.६३ पौंडांनी (सुमारे ९.४ किलो) जड भरला आणि बॅग ३.८१ पौंडांनी (सुमारे १.७ किलो). १९ला ९.४ने गुणून पाहा : १७८ किलो. पुढे २००४-०५मध्ये प्रौढ प्रवाशाचे प्रमाण-वजन हातातल्या सामानासह उन्हाळ्यात १९० व हिवाळ्यात १९५ पौंड झाले. पाच पौंडांचा फरक गरम कपड्यांचा. २०१९च्या मार्गदर्शनात आणखी एक पाऊल टाकले आहे. सर्वांसाठी एकच कायमचा आकडा छापण्याऐवजी कंपनीने स्वतःची पाहणी करावी किंवा राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातील ताजे आकडे आधाराला घ्यावेत, असे त्यात म्हटले आहे.

संगणक आल्याने चुका संपल्या असे मात्र समजू नये. २१ जुलै २०२० रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील माजोर्का बेटाकडे टीयूआय कंपनीचे एक ७३७-८०० विमान गेले. त्याच्या भारपत्रकात ३८ प्रौढ स्त्रियांची नोंद लहान मुले म्हणून झाली होती. नावामागे ‘मिस’ लावलेले होते, आणि ज्या देशात ती संगणकप्रणाली लिहिली गेली तेथे ‘मिस’ म्हणजे लहान मुलगी असा वापर होता. आपल्याकडच्या ‘कु.’बद्दल हाच घोटाळा सहज होईल! स्त्रीसाठी ६९ किलो आणि मुलासाठी ३५ किलो धरतात. फरक ३४ किलोंचा, त्याला ३८ने गुणले की सुमारे १,३०० किलो. प्रत्यक्षात भारपत्रकातील वजन १,२४४ किलोंनी कमी निघाले. विमान मोठे, धावपट्टी पुरेशी, म्हणून काही बिघडले नाही. ३६ वर्षांची एक बाई ३५ किलोंची असू शकत नाही, हे यंत्राला कोणी सांगितले नव्हते.

मग भरलेले विमानच का तोलू नये, असे शिक्षकांपैकी कोणी विचारतील. चाकांच्या खांबांमधील दाब किंवा ताण मोजून वजन व गुरुत्वमध्य दाखवणारी यंत्रे निघाली आहेत आणि काही मोठ्या मालवाहू विमानांवर ती वापरलीही जातात. पण उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाच्या पंखांवर वारा वाहतो आणि थोडे उचल-बल निर्माण करतो. खांबातील सरकते भाग घर्षणाने अडकतात. काट्यावर उभे राहून कोणी आपल्याला बखोटीला धरून किंचित उचलत राहावे तसे ते होते. म्हणून रिकामे विमान तोलायचे असते तेव्हा ते दारे लावून बंद हँगरात तोलतात. प्रवासी विमानांच्या रोजच्या धावपळीत हा उपाय अजून रुळलेला नाही. अगदी लहान विमानांत मात्र प्रवाशांना सरळ काट्यावर उभे करतात किंवा वजन विचारून घेतात, आणि त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

मोठ्या विमानांसाठी सरासरी राहणारच. ती ताजी ठेवणे एवढेच हाती आहे. एअर न्यूझीलंडने २०२३मध्ये ऑकलंडहून परदेशी जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक प्रवाशांना वजन देण्याचे आवाहन केले. वजनाचा आकडा कर्मचाऱ्याला दिसत नव्हता आणि खुद्द प्रवाशालाही नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये फिनएअरने हेलसिंकीला तसेच केले, हातातल्या सामानासकट. दोन्हीकडे भाग घेणे ऐच्छिक होते, आणि संख्याशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न येथेच उभा राहतो. ज्यांना आपल्या वजनाची लाज वाटते ते काट्याकडे फिरकलेच नाहीत, तर सरासरी पुन्हा खाली येणार. ज्यांच्या हातात दोन जड पिशव्या आहेत तेही बहुधा घाईघाईने पुढे निघून जातील. फिनलंडमध्ये फेब्रुवारीत अंगावर जाड कोट असतो, जुलैत नसतो. पाहणी करणाऱ्यांना काट्यावर कोण आले याइतकेच कोण आले नाही याकडेही लक्ष ठेवावे लागते.